वर्गातील यंत्र आणि त्याची वही

व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘शाळेच्या वर्गात कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा विषय आमच्यापुढे ठेवला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शालेय शिक्षण आठवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. संगणकाच्या पोटात काय चालते हे सांगणारे जाणकार या गावात पुष्कळ आहेत. पण चालक म्हणाले, “तीस वर्षे तुम्ही यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसांत वावरलात, त्या नजरेने काय दिसते तेवढे सांगा.” तेव्हा होकार देणे भाग पडले. मग आम्ही वाचायला बसलो, आणि ध्यानात आले की वर्गात यंत्र काही आज प्रथम येत नाही. दोनशे वर्षे ते या ना त्या रूपाने येत आहे, आणि प्रत्येक खेपेस आमच्या धंद्यातला एक जुना तंटा बरोबर घेऊन येत आहे.

तो तंटा कोणता ते आधी सांगतो. यंत्रमागावर कामगाराची मजुरी ठरते ती कापडाचे पीक किती आणि मीटर किती भरले यावर. वीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यातून (नाव घेण्याचे कारण नाही) आमच्याकडे तक्रार आली की माग पूर्वीइतकाच चालतो, पण मीटर कमी भरतात. मालकाचे म्हणणे, कापड मोजून घडी घालणारे यंत्र नवे आहे, ते चुकत नाही. ते खरेच चुकत नव्हते. त्याची प्रत्येक घडी दुसरीशी तंतोतंत जुळत होती. फक्त ती मीटरपेक्षा सव्वा इंच लांब बसवलेली होती! पोलादी टेप लावून पाहण्याची परवानगी मिळवण्यात आमचे सात आठवडे गेले, आणि मोजण्यात सात मिनिटे. तेव्हापासून आमची एक खोड झाली आहे. नवे यंत्र दिसले की ते काय करते हे विचारण्याआधी आम्ही विचारतो, त्याची वही कोणाच्या हातात आहे? आणि ज्याचे माप त्या वहीत चढते त्याला ती उघडून पाहता येते काय?

वर्गात लोखंडी यंत्र येण्याआधी माणसांचेच यंत्र आले. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री मद्रासजवळ एग्मोर येथील मुलांच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. तिथल्या एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. आपल्या शिक्षकांनी ती रीत उचलण्यास आढेवेढे घेतले, तेव्हा त्याने मोठ्या मुलांना पुढे करून लहानांना शिकवून घेतले. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत यात नवल ते काय होते? पण १७९७ मध्ये बेलने लंडनला यावर पुस्तक काढले, पाठोपाठ जोसेफ लँकेस्टरने अशीच पद्धत चालवली, आणि एकच मास्तर शेकडो मुलांचा वर्ग हाकू लागला. कवी कोलरिजने तिची तुलना वाफेच्या इंजिनाशी केली, तीही कौतुकाने. मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीनेही १८२०च्या दशकात हीच पद्धत उचलली. म्हणजे आपली वस्तू विलायतेची वारी करून आपल्याकडे परत आली. तिची मुख्य मोहिनी स्वस्ताईची होती, आणि ती मोहिनी पुढे प्रत्येक यंत्रामागे लागलेली आहे.

मग वही आली. १८६२ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लो याने नवा नियम केला. शाळेचे सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांच्या परीक्षेवर ठरणार. निरीक्षक येणार, एकेका मुलाला उभे करणार, आणि जे मूल नापास होईल त्याच्या नावावरचे शिलिंग कापले जाणार. आमच्या भाषेत सांगायचे तर शाळेत उक्ती मजुरी सुरू झाली. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी स्वतः शाळा-निरीक्षक होता. शिकवणे यांत्रिक झाले अशी त्याची तक्रार पुढे कित्येक वर्षे चालू होती. शिकवण्याला ‘यांत्रिक’ हे विशेषण त्या वेळी लागले, आणि तेव्हा वर्गात फळ्याखेरीज यंत्र म्हणावे असे काहीही नव्हते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानाला हाच निकालाचा नियम लागला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी जे निवेदन दिले त्यात त्यांनी या पद्धतीचा स्पष्ट समाचार घेतला आहे. गरीब आणि अशिक्षित लोकांत विद्येची गोडी अजून लागलेली नाही. तेथे निकालावर पोट भरेल अशी आशा धरून कोणता शिक्षक शाळा काढील, असा त्यांचा मुद्दा होता. ज्या वस्तीत मुलाच्या हजेरीपेक्षा गुरांच्या राखणीला किंमत जास्त, त्या वस्तीतला मास्तर निकालाच्या मापाने नेहमीच खोटा ठरणार, हे फुल्यांनी ओळखले होते. त्याच फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. याला आम्ही योगायोग मानीत नाही.

खरोखरीचे यंत्र आले ते अमेरिकेत. १९२०च्या दशकात ओहायोच्या विद्यापीठात सिडनी प्रेसी या प्राध्यापकाने टंकलेखन यंत्रासारखी एक पेटी केली. चार कळा, बरोबर कळ दाबली तर पुढचा प्रश्न. एका नमुन्यात बरोबर उत्तराला गोळी बाहेर पडण्याचीही सोय होती. पुढे मंदी आली, शिक्षकच बेकार हिंडू लागले, तेव्हा ती पेटी कोण घेणार? प्रेसीने हात टेकले. १९५३च्या नोव्हेंबरात बी. एफ. स्किनर हा मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसला. काही मुले उदाहरणे केव्हाच संपवून चुळबुळ करीत होती, काही अडून बसली होती, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कळायला सर्वांना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागणार होते. स्किनरने घरी जाऊन यंत्र केले. त्याचे निरीक्षण खरे होते हे मान्य करायला हवे. साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या कोणालाही ते पटेल. त्याच्या यंत्रात मूल कागदाच्या पट्टीवर उत्तर लिही आणि ती पट्टी त्या वर्गातच राही. मास्तर ती काढून पाहू शके, मूलही पाहू शके.

आता थोडे दूर, प्रशांत महासागरात जाऊ. अमेरिकन सामोआ ही तेथली लहानशी बेटे अमेरिकेच्या ताब्यात आहेत. १९६१ मध्ये तेथे आलेले गव्हर्नर रेक्स ली यांना शाळांची दैना दिसली. इमारती नाहीत, शिक्षकांना इंग्रजी बेताचे. चांगले शिक्षक तयार करायला वर्षे लागतील. त्यापेक्षा दूरचित्रवाणीवरून एकदम सर्व बेटांना शिकवावे असे त्यांनी ठरवले. पागो पागो बंदरावरच्या आलावा डोंगरावर मनोरा उभारला, तेथे जाण्यायेण्यासाठी बंदरावरून रज्जुमार्ग टांगला, आणि १९६४च्या ऑक्टोबरात धडे सुरू झाले. मुख्य भूमीवरून आणलेले शिक्षक स्टुडिओत शिकवीत आणि सामोअन शिक्षक वर्गात पेटीच्या बाजूला उभे राहत. धड्याआधी काय सांगायचे, धड्यानंतर काय करून घ्यायचे, हे छापील कागदावर त्यांच्याकडे पोचते केले जाई. १९६६ मध्ये खुद्द अध्यक्ष जॉन्सन ती शाळा पाहून गेले.

या प्रयोगाची थट्टा करू नये. नव्या इमारती झाल्या, इंग्रजी सुधारले, अनेक शिक्षक स्वतःही त्या पेटीपासून शिकले. पण ज्या गावात शिक्षक हा मानाचा माणूस, तेथे तो दुसऱ्याच्या धड्याचा मदतनीस झाला. मोठी मुले सर्वांत आधी कंटाळली. शिक्षक जसजसे तयार झाले तसतसे ते पेटी बंद करू लागले, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुख्य धडा पुन्हा माणसाकडे येऊन पेटी पूरक साधन झाली. पेटीला कळ होती आणि कळ वर्गातल्या माणसाच्या हातात होती, म्हणून हे घडू शकले. आज ज्या यंत्रांचा आपण विचार करतो त्यांतल्या कित्येकांना अशी कळ शिक्षकाजवळ नसते.

आपल्या देशातही ही पेटी आली. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष, अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ मध्ये सुरू झाली. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी शेजाऱ्याच्या दारात उभे राहून तिचे कार्यक्रम पाहिले असतील. २०१७ मध्ये ती बंद पडली तेव्हा आम्हांला हळहळ वाटली. ती पेटी नुसती बोलत असे, ऐकत नसे. कोणते मूल जांभई देते, कोणते उठून गेले, याची तिला गंधवार्ता नव्हती. तिच्याजवळ वहीच नव्हती.

जोडलेले उपकरण म्हणजे काय हे येथे समजून घ्यावे. वर्गातला फळा, मुलाच्या हातातली पाटीवजा खिडकी, दाराशी लावलेला कॅमेरा, मास्तरचा फोन, ही सर्व उपकरणे तारेने वा बिनतारी कुठल्या तरी दूरच्या यंत्राशी बांधलेली असतात, आणि मूल काय करते ते तिकडे लिहून पाठवतात. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती या असंख्य नोंदींतून साचा शोधते आणि त्यावरून पुढच्या मुलाविषयी अंदाज बांधते. अंदाज हा शब्द मुद्दाम वापरला आहे. तो पुष्कळदा बरोबर निघतो. पण तो अंदाज आहे हे वहीत लिहिलेले नसते. वहीत नुसता आकडा असतो.

या आकड्याचे काय होते ते ह्यूस्टनला दिसले. टेक्सासमधल्या त्या शहराच्या शाळा-मंडळाने शिक्षकांची लायकी ठरवण्यासाठी एका खाजगी कंपनीची गणनपद्धती घेतली. मुलांचे मागील गुण घ्यायचे, ते यंदा किती वाढायला हवे होते याचा हिशेब करायचा, आणि जे कमीजास्त भरेल ते शिक्षकाच्या खात्यावर टाकायचे. त्यावरून माणसांना कामावरून कमी करता येत होते. शिक्षक विचारू लागले, आमचा आकडा कसा आला? उत्तर आले, सूत्र हे कंपनीचे व्यापारी गुपित आहे. तेव्हा तेथल्या शिक्षक संघटनेने, ह्यूस्टन फेडरेशन ऑफ टीचर्सने, काही शिक्षकांसह २०१४ मध्ये दावा लावला. या दाव्यातली एक गोष्ट वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. एखाद्या शिक्षकाच्या आकड्यात चूक सापडली तरी ती दुरुस्त करता येत नाही, अशी मंडळाची भूमिका होती. कारण एकाचा आकडा बदलला तर सगळ्या शहराचा हिशेब पुन्हा करावा लागेल, त्याला खर्च येईल, आणि इतरांचे आकडेही हलतील! ४ मे २०१७ रोजी न्यायमूर्ती स्टीफन स्मिथ यांनी या इमारतीला पत्त्यांच्या बंगल्याची उपमा दिली, आणि ज्या आकड्याची शहानिशा करण्याचा मार्गच शिक्षकाला नाही त्यावर त्याची नोकरी घालवणे हा न्यायाच्या रीतीचा भंग ठरू शकतो असे म्हणून दावा पुढे चालू दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तडजोड झाली. पडताळता न येणाऱ्या आकड्यावरून कोणालाही कामावरून काढणार नाही, असे मंडळाने कबूल केले. सव्वा इंचाची घडी आम्हांला आठवली नसती तरच नवल.

मुलांच्या बाबतीत हेच इंग्लंडात घडले, आणि फार मोठ्या प्रमाणावर. २०२० मध्ये साथीमुळे शाळान्त परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी मुलांच्या श्रेणींचा अंदाज द्यावा, मुलांचा क्रम लावावा, आणि नंतर परीक्षा-नियामकाच्या गणनसूत्राने त्या श्रेणी चाळून घ्याव्यात असे ठरले. सूत्रात शाळेचे मागील तीन वर्षांचे निकाल धरले होते. म्हणजे ज्या शाळेत कोणी वरची श्रेणी मिळवली नव्हती, तेथल्या हुशार मुलाला ती मिळणे दुरापास्त. शिवाय पाचापेक्षा अधिक मुले नसलेल्या वर्गात शिक्षकाचाच अंदाज मान्य केला गेला. आणि असे लहान वर्ग खाजगी, महागड्या शाळांत अधिक. १३ ऑगस्टला निकाल लागले तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आल्या होत्या. मुले रस्त्यावर उतरली, आणि १७ तारखेला सरकारला सूत्र मागे घ्यावे लागले. पंतप्रधान पुढे एका शाळेत मुलांशी बोलताना बिथरलेल्या गणनसूत्रावर खापर फोडून मोकळे झाले. यंत्राला संघटना नसते, त्यामुळे त्याच्यावर दोष टाकणे सोपे जाते. सूत्र बिथरले मुळीच नव्हते. त्याला सांगितले होते तेच त्याने केले.

संमतीविषयी दोन शब्द. स्वीडनमध्ये स्केलेफ्तेओ गावच्या एका शाळेने २०१८ मध्ये बावीस विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने तीन आठवडे घेऊन पाहिली. हजेरीत शिक्षकांचा वेळ फार जातो हे कारण, आणि कारण खोटे नव्हते. विद्यार्थ्यांची संमतीही घेतली होती. तेथल्या माहिती-रक्षण खात्याने २०१९ मध्ये दोन लाख क्रोनर दंड केला आणि म्हटले की ही संमती ग्राह्य नाही, कारण शाळा आणि विद्यार्थी यांचे बळ सारखे नाही. कंत्राटी कामगाराने कोऱ्या कागदावर दिलेल्या अंगठ्याला आम्ही जन्मभर हेच म्हणत आलो आहोत.

म्हणून आम्हांला यंत्राचे वैरी समजू नये. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला तोही मागाविरुद्ध नव्हता. एका माणसाने किती माग आणि किती चात्या सांभाळायच्या हे कोण ठरवणार, यावरचा होता. दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालवणाऱ्या वाडीवरच्या शाळेत जर यंत्र एका इयत्तेला वाचून दाखवील, अंध मुलाला पुस्तक ऐकवील, भिल्ली बोलणाऱ्या पोराला मराठी समजावील, तर ते आम्हांला हवेच आहे. केरळने हे बरेचसे साधले. २००१ पासून तेथे शाळांत संगणक शिकवण्याचा उपक्रम चालू आहे. काही वर्षांत त्यांनी कंपनीची आज्ञावली सोडून मुक्त आज्ञावली घेतली, शिक्षकांतूनच शिक्षकांचे शिक्षक तयार केले, आणि आता तेथील सातवीच्या पुस्तकात कृत्रिम बुद्धिमत्तेचा धडा आहे. शिक्षकांच्या संघटनांनी त्या मुक्त आज्ञावलीच्या बाजूने जोर लावला होता. दक्षिण कोरियाने उलट घाई केली. २०२५च्या मार्चमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची क्रमिक पुस्तके इंग्रजी, गणित आणि संगणक या विषयांना लावली; शिक्षक आणि पालक यांचा विरोध आधीपासूनच होता. ऑगस्टमध्ये तेथील संसदेने त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून ती पूरक साहित्यात ढकलली. सामोआला दहा वर्षे लागली ते कोरियात पाच महिन्यांत झाले.

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर आईबापांची खातरजमा होण्याजोगी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवू नये, असे त्यात आहे. पण काही वर्गांना सूट देण्याची मुभाही सरकारने राखून ठेवली आहे. त्या सुटींत शाळा येतात, एवढे लक्षात ठेवावे. आणि उत्तर प्रदेशात २०२४च्या जुलैमध्ये शिक्षकांची हजेरी फोनवरून घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा शिक्षकांनी इतका विरोध केला की आठवड्याभरात तो स्थगित करावा लागला. चिखलाच्या वाटेने तीन कोस चालून येणाऱ्या शिक्षिकेला पाच मिनिटांचा उशीर झाला तर यंत्र ‘उशीर’ लिहील, चिखल लिहिणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

गेल्या श्रावणात आमच्याच भागातल्या एका शाळेतील बाई संघटनेच्या कचेरीत आल्या. शाळेला एक नवे उपकरण मिळाले आहे. मुले त्याच्याशी बोलून वाचनाचा सराव करतात आणि ते प्रत्येक मुलाला ‘हिरवा’, ‘पिवळा’, ‘लाल’ असा रंग देते. त्यांच्या वर्गातली एक मुलगी सतत लाल येत होती. बाई म्हणाल्या, “दादा, ती वर्गात सगळ्यांत चांगली वाचते. पण ती बोबडी आहे.” त्यांनी वरिष्ठांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की रंग वरूनच ठरतो, शाळेतून बदलता येत नाही. मग आम्ही दोघांनी मिळून संबंधित कचेरीला एक अर्ज लिहिला. मुलीच्या आवाजाच्या नोंदी कोठे ठेवल्या आहेत, रंग कोणत्या हिशेबाने दिला, तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि मुलीच्या आईने सही केलेल्या कागदाची मराठी प्रत मिळेल काय, असे चार प्रश्न विचारले. आई स्वतः येऊन अर्जावर सही करून गेली. या खेपेला अर्ज तिला आधी वाचून दाखवला होता. पोच मिळाली आहे. उत्तर आलेले नाही. पुढच्या सोमवारी आम्ही तिघे कचेरीत जाणार आहोत, आणि मुलीलाही बरोबर नेणार आहोत, पुस्तक घेऊन.